संकल्प आणि सिद्धि



ध्यानास बसावें, एखादें शुभ वाक्य मनांत घोळवावें आणि इच्छिलेली गोष्ट प्राप्त करून घ्यावी, असा उपदेश आज घरोघरीं ऐकूं येतो. कोणी त्यास आकर्षणाचा नियम म्हणतात, कोणी मॅनिफेस्टेशन म्हणतात. केंब्रिजच्या इंग्रजी कोशानें तर २०२४ सालचा शब्द म्हणून याच क्रियापदाची निवड केली. या उपदेशाला आपल्या योगशास्त्राचा आधार आहे असेंहि सांगण्यांत येतें. हा आधार कितपत खरा आहे, आणि ध्यानानें व शुभ वाक्यानें नेमकें काय साधतें व काय साधत नाहीं, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. विषय केवळ तात्त्विक नाहीं. नांदेड व लातूर या दोन शहरांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं खेड्यापाड्यांतून आलेलीं हजारों मुलें भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशा एखाद्या खोलीच्या भिंतीवर 'मी डॉक्टर झालों आहें' अशी चिठ्ठी डकवलेली दिसते. त्या चिठ्ठीनें मुलाचें भलें होतें कीं बुरें, हा प्रश्न कोणाहि पालकास जिव्हाळ्याचा वाटेल.

आपल्या परंपरेंत या बाबतींतला मूळ शब्द 'संकल्प' हा होय. कोणतीहि पूजा आरंभण्यापूर्वी यजमान उजव्या तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडतो. गुरुजी सांगतात आणि यजमान म्हणतो, म्हणून त्या शब्दांकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. पण त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. प्रथम काळ सांगितला जातो : कल्प, मन्वंतर व युग यांपासून संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि आणि वार येथपर्यंत. मग देश सांगितला जातो, व त्यांत आपल्या बाजूस गोदावरीचें तीर येतें. जुनें नांदेड नदीच्या उत्तर तीरावर आहे, म्हणून तेथील यजमान उत्तर तीर म्हणेल. लातूर नदीच्या पुष्कळ दक्षिणेस आहे, म्हणून लातूरकर दक्षिण तीर म्हणेल. त्यानंतर स्वतःचें गोत्र व नांव, मग हेतु, आणि सर्वांत शेवटीं क्रियापद येतें, तें 'करिष्ये'.

शाळेंत संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल कीं 'करिष्ये' हें कृ धातूचें भविष्यकाळाचें, उत्तम पुरुषाचें, एकवचनी आत्मनेपदी रूप आहे. त्याचा अर्थ 'मी करीन' असा होतो. आरोग्य, ऐश्वर्य, अभिवृद्धि हीं फळें संकल्पांत येत नाहींत असें नाहीं. पण तीं 'अमक्यासाठीं' अशा हेतूच्या रूपानें येतात. वाक्याचें मुख्य क्रियापद फळाचें नसून कर्माचें आहे. 'मला मिळेल' असें तेथें नाहीं. 'मला मिळालें आहे' असें तर मुळींच नाहीं. आणि पळीभर पाणी ताम्हनांत सोडून यजमान उठून जात नाहीं. पूजेला खरा आरंभ तेथून पुढें होतो. काळ कोणता, स्थळ कोणतें, करणारा कोण आणि काय करणार, या चार गोष्टी निश्चित झाल्या म्हणजे संकल्प पुरा झाला. एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली तर पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

आतां योगाकडे वळूं. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताच्या वृत्ति आवरणें हेंच योगाचें प्रयोजन सांगितलें आहे. त्यासाठीं साधनें दोन : अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे चित्त स्थिर राहावें म्हणून केलेला प्रयत्न. तो दीर्घ काळ, खंड न पाडतां व आदरानें केला म्हणजे दृढ होतो. चित्त एका ठिकाणीं बांधणें ती धारणा, आणि तेथेंच त्याचा प्रवाह अखंड चालू राहणें तें ध्यान. इच्छित वस्तु घरबसल्या चालत यावी यासाठीं हा खटाटोप सांगितलेला नाहीं. तिसऱ्या पादांत नाना प्रकारच्या सिद्धींचें वर्णन आहे खरें. परंतु त्याच पादांत या सिद्धि समाधीच्या मार्गांतील विघ्नें आहेत, असा स्पष्ट इशाराहि दिलेला आहे. जे लोक सिद्धींचा भाग तेवढा उचलतात आणि इशारा वगळतात, ते पतंजलींचें नांव घेण्यास पात्र नाहींत.

शुभ वाक्याच्या उपायाला योगसूत्रांत जवळचें असें एक स्थळ मात्र निश्चित आहे. दुसऱ्या पादांत यम व नियम यांच्या संदर्भांत असें सांगितलें आहे कीं, हिंसा, असत्य अशा विचारांनीं मनाला पीडा होऊं लागली असतां त्यांच्या विरुद्ध पक्षाची भावना करावी. हीच प्रतिपक्षभावना. राग अनावर होऊं लागला कीं रागाचे परिणाम मनापुढें आणून क्षमेचा विचार धरावा, हा तिचा व्यवहार. येथेंहि बदलावयाचें आहे तें आपलें वर्तन; बाहेरची सृष्टि नव्हे. अलीकडच्या काळांत बिहारमधील मुंगेर येथील स्वामी सत्यानंद सरस्वती यांनीं प्रचारांत आणलेल्या योगनिद्रेंत, अंग सैल सोडून पडलें असतां आरंभीं व अखेरीस एक लहानसा संकल्प मनांत म्हणावयाचा असतो. मन शांत असतां घेतलेला निश्चय अधिक खोल रुजतो, ही त्यामागची कल्पना आहे. महाराष्ट्रांत स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेंत तपासणी सुरू केली. योगाचा शरीरावर व मनावर काय परिणाम होतो हें मोजून पाहावें, अशी त्यांची दृष्टि होती. त्याच दृष्टीनें आपणहि या प्रश्नाकडे पाहिलें पाहिजे.

मनाला उद्देशून बोलण्याची रीत मराठी घरांना नवी नाहीं. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक दोनशें पांच आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या दिवेलागणीला मुलांकडून ते म्हणवून घेतले गेले. त्यांत मनाला विनविलें आहे, दटावलें आहे, सन्मार्ग दाखविला आहे. परंतु 'तुला सर्व मिळालेंच आहे' अशी त्याची खोटी समजूत काढलेली नाहीं. नांदेडला गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं जेथें देह ठेवला, त्या तख्त सचखंड हुजूर साहिबामध्यें नामस्मरण अखंड चालतें. पण त्याच आवारांत लंगरहि चालतो. तेथें कणीक मळणारे व भांडीं घासणारे हात हे नामस्मरणाचाच भाग समजले जातात. मुखीं नाम आणि हातीं काम ही जोडी शीख परंपरेनें तोडलेली नाहीं, आणि वारकऱ्यांनींहि नाहीं.

मग केवळ वाक्याच्या उच्चारानें फळ मिळतें ही कल्पना कोठून आली? फ्रान्समध्यें एमिल कूए नांवाचे एक औषधविक्रेते होऊन गेले. त्यांचा जन्म १८५७ चा व मृत्यु १९२६ चा. नान्सी या शहरीं ते लोकांना स्वयंसूचनेची पद्धति शिकवीत. सकाळीं जाग येतांच व रात्रीं निजण्यापूर्वी, दिवसेंदिवस आपण सर्व प्रकारें सुधारत आहोंत अशा अर्थाचें वाक्य वीस वेळां पुटपुटावें, आणि मोजणी चुकूं नये म्हणून वीस गांठी मारलेली दोरी हातांत धरावी, असें ते सांगत. आपल्या जपमाळेचीच ती बहीण म्हणावयाची. कूए यांचा दावा तरी माणसाच्या स्वतःच्या प्रकृतीपुरता होता. पुढें अमेरिकेंत या विचाराला निराळें वळण लागलें, आणि २००६ सालीं रॉन्डा बर्न यांच्या 'द सीक्रेट' या पुस्तकानें, विचार हे लोहचुंबकाप्रमाणें वस्तु व प्रसंग ओढून आणतात, ही समजूत जगभर पसरविली. आज त्याच समजुतीवर आपल्या योगाचें भगवें वस्त्र पांघरलें जात आहे.

ही समजूत कां टिकत नाहीं, हें पाहण्यास थोडें अंकगणित पुरेसें आहे. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेस देशांत तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा त्या वेळीं एक लाखाच्या थोड्या वर होत्या. आतां या तेवीस लाखांनीं रोज पहाटे उठून, पूर्ण श्रद्धेनें, 'मी डॉक्टर झालों आहें' असें म्हटलें, तर जागा किती वाढतील? एकहि नाहीं. बावीस लाखांच्या आसपास मुलें त्या वर्षीं त्या दारांतून आंत जाऊं शकणार नव्हतींच. मग त्यांची श्रद्धा कच्ची होती काय? आकर्षणाचा नियम मानणारा मनुष्य 'होय' म्हणेल. त्याच्यापाशीं दुसरें उत्तरच नाहीं. येथेंच या मताची क्रूरता दिसून येते. ज्याला यश आलें नाहीं, त्याच्या अपयशावर आणखी एका अपराधाचें ओझें तें लादतें.

लातूरकरांना याहून मोठा दाखला सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचें विसर्जन उरकून लोक गाढ झोंपेंत असतांना, किल्लारी-सास्तूर भागांत धरणीकंप झाला व हजारों माणसें दगडामातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. त्यांनीं मनांत कोणता वाईट विचार आणला होता? भूमीच्या पोटांतील ताण आणि जड माळवदांचीं घरें हीं त्या संहाराचीं कारणें होतीं. ज्या तत्त्वाप्रमाणें सुखाचें श्रेय विचाराला द्यावयाचें, त्याच तत्त्वाप्रमाणें त्या मृतांना दोष द्यावा लागेल. आणि तसें म्हणण्यास कोणाहि विवेकी माणसाची जीभ रेटणार नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर पाण्यावांचून तळमळत असतां पाण्याचा ध्यास सर्वांनाच लागला होता. परंतु पाणी आलें तें वाघिणी स्वच्छ धुवून, नळ जोडून, मिरजेहून रेल्वेनें आणल्यावर आलें.

तर मग ध्यान व स्वयंसूचना हीं निरुपयोगी समजावीं काय? तसें मुळींच नाहीं. त्यांचा उपयोग कोठें होतो व कोठें होत नाहीं, याविषयीं मानसशास्त्रज्ञांनीं बरेंच परीक्षण केलें आहे. अमेरिकेंतील लॉस एंजलिस येथील विद्यापीठांत फॅम व टेलर या संशोधकांनीं विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं विद्यार्थ्यांना, आपणांस उत्तम गुण मिळाले असून आपण आनंदांत आहोंत, असें चित्र रोज मनापुढें आणण्यास सांगितलें. दुसऱ्यांना, आपण पुस्तक उघडून कोठें व कसा अभ्यास करीत आहोंत, हें चित्र आणण्यास सांगितलें. अभ्यासाचें चित्र पाहणाऱ्यांनीं अभ्यासहि अधिक केला व गुणहि अधिक मिळविले. निकालाचें चित्र पाहणाऱ्यांना त्यापासून लाभ झाला नाहीं. गाब्रिएल ओटिंगन या विदुषींना अनेक वर्षांच्या संशोधनांत असें आढळलें कीं, नुसत्या सुखद कल्पनेंत रमणाऱ्याचा प्रयत्न उलट मंदावतो. कारण उघड आहे. मनांतले मांडे खाऊन मनाचें पोट भरतें, आणि हात चुलीकडे जातच नाहींत.

दुसरी एक गोष्ट २००९ सालीं कॅनडांतील जोआन वुड व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिली. ज्यांना स्वतःविषयीं मुळांतच हीनभाव वाटतो, त्यांनीं स्वतःच्या स्तुतीचें वाक्य पुनः पुनः उच्चारलें असतां त्यांना बरें वाटण्याऐवजीं अधिक वाईट वाटलें. ओठ एक म्हणतात आणि अंतःकरण त्यास साक्ष देत नाहीं, या विसंवादाचा तो परिणाम असावा. पीटर गोलविट्झर यांनीं मात्र एका साध्या उपायाचा गुण दाखविला. 'जर अमुक वेळ आली, तर मी अमुक करीन' असा निश्चय आगाऊ करून ठेवला तर तो पार पडण्याचा संभव पुष्कळ वाढतो. आपण जर-तरच्या गोष्टी म्हणून ज्यांची थट्टा करतों, त्यांना असा चांगला उपयोग आहे. आतां हा निश्चय आणि आपला पूजेंतला संकल्प शेजारीं ठेवून पाहा. काळ, स्थळ, कर्ता आणि कर्म या चारहि गोष्टी दोहोंत आहेत.

संकल्प फळाला येतो तो कसा, याचें उदाहरण मराठवाड्याच्या इतिहासांतच आहे. व्यंकटेश खेडगीकर नांवाचा विद्यार्थी १९२० सालीं सोळा वर्षांचा होता. त्या वर्षीं ऑगस्टच्या पहिल्या तारखेस लोकमान्य टिळक निवर्तले. ती वार्ता ऐकून त्यानें आजन्म ब्रह्मचर्य पाळून देशसेवा करण्याचा संकल्प केला. पुढें १९३२ सालीं संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत व अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत त्यांनीं मुलें शिकविलीं. १९३८ सालीं स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहांत तुरुंग पत्करला. आणि निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचें नेतृत्व शेवटपर्यंत केलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद मुक्त झालें. संकल्प व हा दिवस यांत अठ्ठावीस वर्षांचें अंतर आहे. 'हैदराबाद मुक्त झालें आहे' असा जप करीत ते बसले नाहींत. 'मी माझें आयुष्य या कामीं लावीन' असा त्यांचा निश्चय होता, आणि तो पाळणें रोज त्यांच्या हातीं होतें. १९९४ सालीं स्थापन झालेलें नांदेडचें विद्यापीठ त्यांचें नांव धारण करतें. तेथें शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें हा अठ्ठावीस वर्षांचा हिशेब एकदां तरी मनाशीं मांडावा.

आतां प्रत्यक्ष आचरणाची रीत सांगतों. सकाळची एक वेळ ठरवावी व ती मोडूं नये. पाठ ताठ ठेवून, सुखानें बसतां येईल अशा आसनावर बसावें. आरंभीं दहा मिनिटें पुरेत. श्वास आंत जातो व बाहेर येतो एवढ्याकडेच लक्ष द्यावें. मन धांवेल, धांवलें असें कळतांच न रागावतां त्याला पुनः श्वासावर आणावें. असें शंभर वेळां आणावें लागलें तरी ध्यान बिघडलें असें समजूं नये. तें परत आणणें हाच अभ्यास होय. मन जरा निवळलें म्हणजे त्या दिवसाचा संकल्प तीन वेळां मनांत म्हणावा. 'मला पूर्ण गुण मिळाले आहेत' हा संकल्प नव्हे. 'आज सायंकाळीं सात ते नऊ मी माझ्या खोलींत बसून भौतिकशास्त्राचीं वीस उदाहरणें स्वतः सोडवीन' हा संकल्प. त्यानंतर तें काम करीत असल्याचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मग त्यांत येणारी अडचणहि पाहावी व तिचें उत्तर ठरवावें : 'जर मोबाइल घ्यावासा वाटला, तर तो घरमालकीणबाईंकडे ठेवून येईन.' आणि रात्रीं निजण्यापूर्वी, झालें किती व राहिलें किती, हें वहींत दोन ओळींत लिहावें.

हीच रीत गृहस्थाश्रमी माणसालाहि लागू आहे. मधुमेह असलेल्यानें 'मी बरा झालों आहें' असें म्हणून औषध सोडणें हा आत्मघात होय. 'रोज जेवणानंतर मी अर्धा तास चालेन आणि डॉक्टरांनीं दिलेली गोळी वेळेवर घेईन' असें म्हणून तसें करणें हा संकल्प होय. रागीट माणसानें 'मी शांत आहें' असें म्हणण्यापेक्षां 'मुलानें उलट उत्तर दिलें, तर बोलण्यापूर्वी मी पांच श्वास मोजीन' असें ठरवावें. वाक्याची परीक्षा एकच आहे : तें पाळणें आज, माझ्याकडून होण्यासारखें आहे काय? असेल तर तें वाक्य म्हणावें; नसेल तर तें वाक्य बदलावें.

शेवटीं पालकांस एक विनंति आहे. मुलाच्या भिंतीवरील चिठ्ठी फाडूं नका. पण तिच्याखालीं रोजच्या कामाची दुसरी चिठ्ठी लावण्यास त्याला मदत करा. निकाल मनाजोगता लागला नाहीं तर 'तुझा विश्वास कमी पडला' हें वाक्य तोंडांतून काढूं नका. जागा थोड्या आहेत हें सत्य त्याला आधींच सांगा, आणि दुसरी वाट आधींच दाखवून ठेवा. मूल गप्प गप्प राहूं लागलें, जेवण-झोंप सोडूं लागलें, तर ध्यानाचा उपदेश न करतां त्याच्याजवळ जाऊन बसा व डॉक्टरांचा सल्ला घ्या. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठींच आहे, आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें.

असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं आळशाच्या थट्टेसाठीं रचली. तिला आज योगाची दीक्षा देण्याचें कारण नाहीं. ध्यानानें मन एका जागीं राहावयास शिकतें, संकल्पानें त्याला काम मिळतें, आणि काम केल्यानें मनुष्य बदलतो. फळ येणें न येणें पुष्कळदां आपल्या हातीं नसतें. परंतु 'करिष्ये' म्हणून जें अंगावर घेतलें, तें करणें आपल्या हातीं आहे. उद्यां सकाळीं दहा मिनिटें काढून त्याचा आरंभ आपण अवश्य करावा, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.